समालोचक की मंडळाचे भाट?

क्रिकेट नियामक मंडळाचा खाक्या असा की सामना त्यांचा, म्हणून माईकही त्यांचाच. संघनिवड, मंडळाचा कारभार आणि डीआरएस यांवर बोलायचे नाही, ही अट झुगारून इयान चॅपेल यांनी २०१३ साली भारतातील समालोचन सोडले. २०१६ साली हर्षा भोगले यांना आयपीएलमधून वगळले. कारण त्यांनाही सांगितले नाही. आपल्या ट्रॅकमनला, पोस्टमनला काढायचे तरी आधी चार्जशीट द्यावी लागते, खुलासा घ्यावा लागतो! वायुलहरी ही सार्वजनिक मालमत्ता, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच बजावले, तेही क्रिकेटच्याच खटल्यात. मग त्यांवरून मंडळाचीच आरती का? चुकीला चूक म्हणणारा समालोचक प्रेक्षकांना मिळालाच पाहिजे, आणि त्याला लेखी कारणाशिवाय काढण्याचा मंडळाचा अधिकार रद्द झाला पाहिजे.