किनारा सर्वांचा, तोटा कुणाचा?

सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदरकाठी एम्बार्कडेरो हा दुमजली उड्डाणमार्ग होता. तो पाडण्याचा प्रस्ताव १९८६ साली मतदारांनी फेटाळला. १९८९ च्या भूकंपात तो निकामी झाला, तरीही गिऱ्हाईक तुटेल म्हणून चायनाटाउनचे दुकानदार पाडण्याच्या विरोधात होते. १९९१ मध्ये पाडकाम सुरू झाले. आज तिथे झाडांचा रुंद रस्ता, ट्राम आणि मोकळा किनारा आहे.

आमच्या मते निर्णय योग्यच होता. पण किनारा सर्वांच्या खाती जमा होतो आणि तोटा थोड्यांच्या नावे पडतो. त्यांची भरपाई पाडण्यापूर्वीच ठरली पाहिजे. बांधलेला मार्ग हटवायला तिथे भूकंप लागला, हेही विसरू नये. आपल्या शहरात नदीकाठच्या रस्त्याचा आराखडा निघाला, तर वाचकांनी आपल्या हरकती मुदतीत नोंदवाव्यात.