तीन मालक, एक पेढी

व्यापारी घराण्यांत पेढीचे नाव मालकापेक्षा मोठे मानले जाते. गादीवरची माणसे बदलतात, पाटी तीच राहते. मराठी संगीत रंगभूमीवर ही रीत ‘ललितकलादर्श’ या नाटक मंडळीने पाळली. तिच्या तीन मालकांचा वृत्तांत दुकान चालविणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने वाचावा असा आहे.

युरोपातील ऑपेरा संस्थेचा संचालक सहसा स्वतः रंगमंचावर गात नाही. मराठी संगीत नाटक मंडळीचा मालक मात्र बहुधा स्वतःच प्रमुख गायक नट असे. नटांचा आणि साथीदारांचा पगार, सर्वांचे बिऱ्हाड व जेवण, पडदे आणि पोशाख, गावोगावचा रेल्वेप्रवास हा सारा भार त्याच्या शिरावर असे. त्याचा गळा बसला की मंडळीचा गल्लाही बसे.

केशवराव भोसले यांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापुरात झाला. ‘स्वदेश हितचिंतक’ मंडळीत बालनट असताना ‘शारदा’ नाटकातील नायिकेच्या भूमिकेने त्यांचे नाव झाले. १ जानेवारी १९०८ रोजी हुबळी येथे त्यांनी स्वतःची ‘ललितकलादर्श’ मंडळी स्थापन केली, तेव्हा त्यांचे वय अवघे सतरा वर्षांचे होते. हुंड्याच्या रूढीवर प्रहार करणारे मामा वरेरकरांचे ‘हाच मुलाचा बाप’ याच मंडळीने रंगभूमीवर आणले.

त्या काळी त्यांचे तुल्यबळ प्रतिस्पर्धी होते बालगंधर्व, ‘गंधर्व नाटक मंडळी’चे धुरीण. प्रेक्षकांचेही दोन पक्ष पडलेले. तरीही ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात दोघांनी ‘मानापमान’चा संयुक्त प्रयोग केला, केशवराव धैर्यधर झाले आणि बालगंधर्व भामिनी. उत्पन्न टिळक स्वराज्य फंडासाठी होते. एकाच बाजारपेठेतील दोन मोठ्या दुकानांनी एक दिवसाची सारी विक्री लोककार्याला द्यावी, तसाच हा प्रसंग होता.

त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव निवर्तले. वय एकतीस. मालकच प्रमुख नट असलेली मंडळी अशा वेळी बहुधा विसर्जित होत असे. ‘ललितकलादर्श’ची धुरा मात्र मंडळीतीलच नट व्यंकटेश ऊर्फ बापूराव पेंढारकर यांनी उचलली. ते केशवरावांच्या नात्यागोत्याचे नव्हते, सहकारी होते. त्यांनी मंडळीला स्वतःचे नाव दिले नाही. केशवरावांची पाटी तशीच ठेवून त्यांनी माल मात्र नवा आणला. गांधीजींच्या विचारांचा प्रभाव असलेले ‘सत्तेचे गुलाम’ १९२२ साली आले, पुढे अस्पृश्यतेच्या प्रश्नावरील ‘तुरुंगाच्या दारात’ आणि गिरणी कामगारांच्या जीवनावरील ‘सोन्याचा कळस’. पु. श्री. काळे यांच्या नेपथ्याने त्या प्रयोगांना वास्तवाचे रूप दिले.

दरम्यान बोलपट आला. थोडक्या पैशांत गाणे, अभिनय आणि दृश्य सारे मिळू लागले. शंभर माणसांचा संसार घेऊन फिरणाऱ्या मंडळ्या त्यापुढे टिकेनात. १९३७ साली बापूरावांचे निधन झाले आणि मंडळीचे काम थांबले. त्यांचे पुत्र भालचंद्र तेव्हा अवघे पंधरा वर्षांचे होते.

वारसाहक्काने त्या मुलाच्या हाती आले ते एक बंद पडलेले नाव. त्याने आधी विद्या संपादन केली. वडिलांचे गुरू रामकृष्णबुवा वझे यांच्याकडे गायन शिकले. १९४२ साली वडिलांचेच ‘सत्तेचे गुलाम’ घेऊन त्यांनी मंडळी पुन्हा उभी केली. पुढे ‘दुरितांचे तिमिर जावो’, ‘पंडितराज जगन्नाथ’, ‘जय जय गौरीशंकर’ या नाटकांनी तिला नवा प्रेक्षक मिळवून दिला. मंडळीच्या एकत्र बिऱ्हाडाचा काळ सरला होता. नटाला प्रयोगागणिक ‘नाइट’ देण्याची पद्धत रूढ झाली होती. अण्णा पेंढारकरांनी त्या हिशेबातही जुनी शिस्त सोडली नाही. गिरगावातील साहित्य संघात होणाऱ्या अनेक नाटकांचे ध्वनिमुद्रण करून त्यांनी इतरांचा ठेवाही जपला. ११ ऑगस्ट २०१५ रोजी, वयाच्या ९४व्या वर्षी, ते गेले.

घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीतील कितीतरी दुकानांत आज एकच चिंता आहे: वडील गल्ल्यावर बसले आहेत आणि मुलांची वाट निराळी आहे, पुढे कोण? या मंडळीच्या इतिहासात त्याची दोन उत्तरे सापडतात. पहिला वारस सहकाऱ्यांतून आला, कारण त्याला काम येत होते. दुसरा रक्ताच्या नात्यातून आला, पण आधी काम शिकून आला. दोघांनीही जुन्या नावाखाली आपल्या काळाचा माल ठेवला. पेढी सोपविताना वारसाला प्रथम काय द्यायचे, किल्ली की विद्या, याचा निर्णय प्रत्येक घराने वेळीच करावा.