गुरुजी प्रशिक्षणाला गेले तर बिघडले कुठे?



आमच्या गावात पारावर एक बोलणे नेहमी ऐकू येते. "आज बाई पुन्हा ट्रेनिंगला गेल्या. मग पोरांना शिकवायचं कुणी?" हे बोलणे मला अर्धे पटते आणि अर्धे पटत नाही. म्हणून मी माझे मत लिहीत आहे.

आधी न पटणारे सांगते. आमचे आप्पा तीस वर्षे ऊस करतात. तरी ते ठिबक बघायला बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात गेले होते. तेव्हा कोणी म्हणाले नाही की आप्पांना शेती येत नाही. उलट चार माणसे घरी विचारायला आली, काय नवीन पाहिले म्हणून. मग बाईंना कोणीच का विचारत नाही? सावित्रीबाई फुले यांनीसुद्धा १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा सुरू केली, आणि शिक्षिका होण्यासाठी नगरला फॅरारबाईंकडे प्रशिक्षण घेतले. तेच आताचे अहिल्यानगर. आपल्या शिरूरवरूनच तिकडे रस्ता जातो.

काहीजण म्हणतात, चौथीपर्यंतचे गणित ते काय, बेरीज वजाबाकी तर सगळ्यांनाच येते. येते, पण शिकवता येते का? घरी आजी मला "हातचा घे, हातचा घे" म्हणते. कुठून घ्यायचा आणि का घ्यायचा, ते तिला सांगता येत नाही.

मागच्या वर्षी आमच्या केंद्राची शिक्षण परिषद आमच्याच शाळेत भरली. आजूबाजूच्या शाळांचे गुरुजी आणि बाई मागे सतरंजीवर बसले आणि एका गुरुजींनी आमच्या वर्गाला गणित दिले, ४०३ वजा १५८. वर्गात तीन उत्तरे आली. ३५५, २५५ आणि २४५. गुरुजींनी कोणालाच चूक म्हटले नाही. ते फक्त म्हणाले, "कसं केलंस ते सांग." ३५५ वाल्या मुलाने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला होता. २५५ वाल्याने मधल्या शून्याला ओलांडून थेट शतकाकडून हातचा आणला होता. हे ऐकून मागचे सगळे शिक्षक वहीत लिहायला लागले.

एक मुलगी मावशीबरोबर बाजारात भाजी विकते. तिने वजाबाकी मांडलीच नव्हती. ती म्हणाली, "१५८ ला २ घातले की १६०, आणखी ४० घातले की २००, आणि वर २०३. झाले २४५." तिला आम्ही गणितात कच्ची समजत होतो! त्यानंतर गुरुजींनी खोट्या नोटा काढल्या. शंभराची एक नोट सुटी केली, दहाच्या दहा झाल्या. त्यातली दहाची एक सुटी केली, रुपयाची दहा नाणी झाली. म्हणजे ४०३ चे ३ शतक, ९ दशक आणि १३ एकक. शून्याच्या जागी ९ कुठून येतो, ते तेव्हा सगळ्या वर्गाने डोळ्यांनी पाहिले.

मग शिक्षकांचीच चर्चा लागली. एक बाई म्हणाल्या की बाजारातली रीत आधी शिकवावी, दुसरे गुरुजी म्हणाले की नाही, मुले गोंधळतील. मोठी माणसे वजाबाकीवर भांडतात, याची आम्हाला फार गंमत वाटली. आमच्या बाईंनी नंतर सांगितले की जपानमध्ये प्राथमिक शिक्षक असेच करतात. मिळून एक पाठ तयार करायचा, एकाने शिकवायचा, बाकीच्यांनी मुलांकडे बघायचे आणि नंतर बोलायचे. मला वाटते, प्रशिक्षण असेच असावे. दीक्षा ॲपवरही शिक्षकांचे प्रशिक्षण असते. ते मोबाईलवर बघता येते, पण त्यात त्या भाजीवाल्या मुलीची रीत कशी कळणार?

शिवाय पुस्तकेही बदलतात. २०१९ साली दुसरीच्या गणितात 'सत्तावीस' याच्या जोडीला 'वीस सात' असेही वाचायला दिले, तेव्हा सगळ्या महाराष्ट्रात वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर होत्या. लिहिताना २ आधी आणि बोलताना सात आधी, म्हणून लहान मुले २७ चे ७२ करतात, असे कारण होते. मला स्वतःला सत्तावीसच बरे वाटते. पण बदल का केला ते शिक्षकांना नीट माहीत हवे, नाही तर घरी एक आणि शाळेत एक, मध्ये पहिली-दुसरीचे पोर अडकते.

आता पारावरच्या माणसांचे पटते ते. कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असतात. एक प्रशिक्षणाला गेले की दुसऱ्याकडे चारही वर्ग. माझा आत्तेभाऊ भीमेच्या पलीकडे दौंड तालुक्यात शिकतो. त्याच्या शाळेत एकदा दोन्ही शिक्षकांना एकाच दिवशी बोलावले. मुले दिवसभर पाढे लिहीत बसली. असे करू नये. दोन शिक्षकी शाळेतून एका वेळी एकालाच बोलवावे. ज्यांना बोलावतील त्यांना मुलांसमोर शिकवायला लावावे, नुसते ऐकायला बसवू नये. आणि परत आल्यावर त्यांनी काय शिकून आले ते आम्हाला आणि पालकांना दाखवावे. आमच्या बाई दुसऱ्या दिवशी परिपाठात दाखवतात. तेव्हा पालकांनी यावे. दहा मिनिटे लागतात. आप्पांना विचारायला चार माणसे आली होती, बाईंना विचारायला एकाने तरी यावे.

पुढच्या परिषदेला बाई जाणार आहेत. त्या दिवशी आम्ही चौथीची मुले पहिली-दुसरीला दहा-दहाचे गठ्ठे बांधून दशक शिकवणार आहोत. गुरुजी तिसरीवर असतील. ज्यांच्या घरी तुरीच्या काड्या आहेत त्यांनी वीतभर लांबीच्या शंभर काड्या सोलून आणाव्यात. रबर शाळेत आहेत.

— इयत्ता चौथीची एक विद्यार्थिनी