फॉरमॅट करण्याआधी थांबा!

विद्यार्थीमित्रहो, हिंगोली जिल्ह्यातील आमच्या महाविद्यालयात, पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत, विंडोज आणि लिनक्स असे दोन्ही असलेला एक जुना संगणक आहे. विंडोज पुन्हा बसवले आणि लिनक्स दिसेनासे झाले. "सगळे पुसून नव्याने भरा," असा सल्ला मिळाला. माझ्या मते हा उपाय नव्हे, आळस आहे.

असे का घडते? जुन्या पद्धतीच्या डिस्कवरील पहिल्या 512 बाइटांपैकी 446 बाइट संगणक सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमसाठी, 64 विभागांच्या तक्त्यासाठी आणि 2 ओळखखुणेसाठी असतात. विंडोजने या 446 बाइटांच्या जागी आपला प्रोग्रॅम लिहिला. त्यामुळे दोहोंतून निवड करू देणाऱ्या 'ग्रब'कडे जाणारी वाट तुटली. लिनक्स आणि तुमच्या प्रयोगांच्या नोंदी मात्र जागच्या जागीच होत्या! पेनड्राइव्हवरील लिनक्सने संगणक सुरू केला, नोंदींची प्रत काढली व ग्रब पुन्हा बसवले. नव्या यूईएफआय संगणकांत पुष्कळदा सुरू होण्याचा क्रम बदलला तरी भागते.

किल्ली हरवली म्हणून कोणी घर पाडतो काय? आधी दोष शोधा, मग उपाय करा. प्रयोगशाळेत आपण हेच शिकतो ना?