मर्यादवेल आणि आमचीं चिबड शेतें

कोंकणच्या पुळणीवर, भरतीच्या रेषेलगत, मर्यादवेल दूरवर पसरलेली दिसते. तिचें पान शेळीच्या खुराप्रमाणें दुभंगलेलें, फूल जांभळट गुलाबी व नरसाळ्यासारखें असतें. ती आपल्या रताळ्याच्याच कुळांतील. पेऱ्यापेऱ्याला मुळें सोडून ती वाळू धरून ठेवते व खारा वाराही सोसते.

अशी वनस्पति पाहिली कीं पुष्कळांस वाटतें, हा गुण पिकांत उतरला म्हणजे खारवट जमिनीची चिंता मिटली. आमच्या मतें ही आशा अपुरी आहे. मर्यादवेल समुद्रालगत वाढते खरी; परंतु वाळूंतून पाणी झरझर खालीं उतरतें आणि कोंकणचा मुसळधार पाऊस दर वर्षीं मुळांजवळचें मीठ धुवून नेतो. तिच्या सहनशीलतेइतकाच हा निचराही तिच्या कामीं येतो.

आमच्या भारी काळ्या जमिनींत याच्या नेमकें उलट घडतें. कालव्याच्या प्रत्येक पाळीबरोबर थोडें मीठ शेतांत येतें. पाणी उडून जातें, मीठ मागें राहतें. पाणी अति झालें कीं जमिनीखालील पाण्याची पातळी वर चढते व शेत चिबड होतें. १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा सुरू झाल्यानंतर त्याच्या भिजीखालील पुष्कळ जमिनींनीं हा अनुभव घेतला. चासकमानच्या पाण्यावर अवलंबून असणाऱ्या आम्हां खेड तालुक्यांतील शेतकऱ्यांनीं तो विसरतां कामा नये.

राजगुरुनगरास कांदा व लसूण संशोधन संचालनालय आहे, आणि कांदा हें तर मिठाला फार नाजूक पीक. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युत्‌वाहकता दर मीटरला १.२ डेसिसीमेन्सच्या वर गेली कीं त्याचें उत्पन्न घटूं लागतें. जमिनीस खारवट म्हणतात तें मात्र ४ च्या पुढें. म्हणजे जमीन खारवट ठरण्यापूर्वींच कांदेवाला नुकसानींत गेलेला असतो.

बिघडलेल्या शेतांत कपाशीसारखें सोशीक पीक घेणें शहाणपणाचें आहे. पण तेवढ्यानें रोग बरा होत नाहीं. चोपण जमिनींत जिप्समही निचऱ्यावांचून वायां जातें. एकट्याच्या बांधावर निचऱ्याचा चर संपत नाहीं. तो शेजाऱ्याच्या शेतांतून ओढ्यापर्यंत न्यावा लागतो. म्हणून आमच्या संस्थेनें नव्या सोशीक वाणांची वाट न पाहतां प्रथम सामाईक चरांचें काम हातीं घ्यावें, आणि प्रत्येकानें आपल्या पाण्यास मर्यादा घालावी.