अलीगढहून आलेल्या मुलांना बोलू द्याल का?

दरवर्षी १७ ऑक्टोबर आला की आमच्या उर्दू शाळांतून सर सय्यद दिन साजरा होतो. फळ्यावर रंगीत खडूने तारीख लिहिली जाते, गावातले दोन-चार मान्यवर पहिल्या रांगेत बसतात आणि नववीतला एखादा चुणचुणीत मुलगा पाठ केलेली तकरीर म्हणून दाखवतो. ही तकरीर गेली तेरा वर्षे आम्हीच लिहून देत आलो आहोत. त्यामुळे तिच्यातले दोष आमच्याइतके दुसऱ्या कुणाला ठाऊक असण्याचे कारण नाही. तिच्यात १८७५ चा मदरसा असतो, १८७७ चे कॉलेज असते, १९२० चे विद्यापीठ असते. सर सय्यदांनी चंद्यासाठी कुणाकुणाचे दार ठोठावले ते असते. आज तिथे शिकणारी मुलेमुली तेवढी नसतात. ती कुठे अडतात, कशावर चिडतात, कशाने सुखावतात, हे जाणून घेण्याची आम्हाला कधी गरजच वाटलेली नाही.

गरज वाटणे सोडा, ती बोलू लागली तर आम्ही त्यांना थांबवतो.

२०१५ सालची गोष्ट. आमच्या खाडीपट्टीतल्या एका शिक्षणसंस्थेने गुणगौरव समारंभ ठेवला होता. आमच्याच शाळेतून दहावी होऊन पुढे अलीगढच्या विमेन्स कॉलेजात गेलेली एक मुलगी सुट्टीत घरी आली होती. 'दोन शब्द बोल' म्हणून तिला उभे केले. मुलगी धीट. आधी तिने मनापासून कौतुक केले. फी किती कमी, शिक्षिका कशा जीव लावतात, चार राज्यांच्या मुली एका खोलीत कशा नांदतात. टाळ्या झाल्या. मग ती म्हणाली, "पण आम्हा पदवीच्या मुलींना मुख्य ग्रंथालयात बसायची मुभा नव्हती. त्यासाठी गोष्ट हायकोर्टापर्यंत जावी लागली." सभागृह गप्प झाले. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले, सूत्रसंचालकाच्या हातात चिठ्ठी गेली आणि त्याने गोड आवाजात सांगितले, "बेटी, वक्त कम है." शाल, गुलदस्ता, फोटो. आम्ही तिचे शिक्षक दुसऱ्या रांगेत बसलो होतो. आम्हीही टाळ्या वाजवून तिला खाली बसवले. हे लिहिताना शरम वाटते.

चहाच्या वेळी कानावर आले ते असे: "घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला?" "एवढे शिकवले, ते हेच बोलायला?" एक गृहस्थ तर तिच्या वडिलांना कुवेतला फोन लावायला निघाले होते.

वास्तविक ती बोलली त्यात खोटे काही नव्हते आणि गुपितही काही नव्हते. मौलाना आझाद लायब्ररी हे अलीगढचे भूषण. १९६० साली पंडित नेहरूंनी तिच्या इमारतीचे उद्घाटन केले. लाखो ग्रंथ, दुर्मीळ हस्तलिखिते. पदव्युत्तर वर्गातल्या आणि संशोधन करणाऱ्या मुली तिथे जात होत्या, हे सांगणे न्यायाचे आहे. पण विमेन्स कॉलेजातल्या पदवीच्या मुलींना मज्जाव होता. नोव्हेंबर २०१४ मध्ये ही मागणी पुढे आली तेव्हा त्या वेळचे कुलगुरू म्हणाले, लायब्ररीत आधीच जागा नाही, आणि मुली आल्या तर मुले चौपटीने येतील. देशभर गदारोळ झाला. त्याच महिन्यात अलाहाबाद उच्च न्यायालयाने मुलींना प्रवेश देण्यास सांगितले. आम्ही विचारतो, मुले चौपटीने येतील तर तो दोष मुलींचा कसा? आणि जागा अपुरी आहे तर ती नेमकी मुलींच्याच वाट्याची अपुरी कशी? हे प्रश्न त्या वेळी आमच्या सभागृहात कुणीतरी विचारायला हवे होते. एकोणीस-वीस वर्षांच्या पोरीने ते विचारायचे धाडस केले आणि आम्ही घड्याळ पाहिले.

त्या दिवसानंतर आम्ही एक केले. अलीगढहून सुट्टीला येणाऱ्या मुलांना घरी बोलावून, दार लावून, मोकळेपणी विचारू लागलो. फार मुले नाहीत, आमच्या भागातून जातातच किती! मथुरेला नाहीतर दिल्लीला गाडी बदलून तिथवर पोहोचणारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पण त्यांनी जे सांगितले त्याने आमच्या तकरीरीचा निकाल लागला.

पहिली गोष्ट आमच्याच अंगावर आली. एक मुलगा म्हणाला, "सर, तुम्ही सांगितलं होतं की अलीगढ म्हणजे उर्दूचं घर. मी गेलो तर वर्गात सगळं इंग्रजी." आमच्या पालकांची समजूत अशी की उर्दू माध्यमाच्या मुलाला तिथे सोपे जाईल. उर्दू तिथे आहे, मुशायऱ्यात आहे, कॅन्टीनमध्ये आहे, उर्दू विभागात तर आहेच. पण विज्ञान, वाणिज्य, कायदा, अभियांत्रिकी इंग्रजीतून. आम्ही दहा वर्षे मुलाला 'ज़ाविया' आणि 'मुसल्लस' शिकवतो आणि पहिल्याच आठवड्यात त्याला अँगल आणि ट्रँगल समोर येतात. तो वर्गात मागच्या बाकावर सरकतो. घरी फोनवर सांगतो, सगळे छान आहे. कारण घरी अलीगढविषयी वाईट ऐकून घ्यायला कुणी तयार नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते. हा मुलगा पहिल्या वर्षी दोन विषयांत राहिला. दोष कुणाचा? आम्ही तर म्हणू आमचा. दहावीच्या वर्गात प्रत्येक पारिभाषिक शब्दासमोर इंग्रजी शब्द लिहून द्यायला आमचे काय जात होते? पण ते कळायला आधी त्याचे खरे ऐकावे लागले.

दुसरी गोष्ट थोडी हसण्याची, थोडी दुखण्याची. आमच्या कोकणातल्या मुलांची घरची बोली कोकणी. शाळेतली उर्दू आम्ही शिकवू तशी, म्हणजे 'क़ाफ'ला 'काफ' म्हणणारी. लखनौ-अलीगढकडची मुले या उर्दूला हसतात. एकाने सांगितले की दोन महिने तो वसतिगृहात तोंड उघडायला कचरत होता. मग त्याला नांदेडचा एक मुलगा भेटला. त्याचीही उर्दू दखनी वळणाची. दोघे रात्री गच्चीवर जाऊन मराठीत बोलत. अब्बांशी घरी मराठी बोलायला लाजणारा हा मुलगा म्हणतो, "सर, मराठी माझी आहे हे मला अलीगढमध्ये कळलं." उर्दू माध्यमात असूनही मराठीचे महत्त्व आम्ही वर्गात कितीदा सांगितले असेल. ते वाया गेले आणि हे काम वसतिगृहाच्या गच्चीने केले.

तिथल्या तहजीबविषयी मात्र दोन मुलांची दोन मते पडली आणि दोन्ही आम्हाला खरी वाटतात. एक म्हणतो, सीनियर सोबत असला की चहाचे पैसे ज्युनियरने काढायचेच नाहीत, हा तिथला दस्तूर. आजारी पडलो तर सीनियर रात्रभर उशाशी बसला होता. दुसरा म्हणतो, सलाम नीट झाला नाही, कपडे नीट नाहीत, नाव सांगताना नजर वर गेली, अशा गोष्टींवरून नव्या मुलाला तास-तास उभे करण्यालाही तहजीबच म्हणतात. काळी शेरवानी एकाला अभिमान वाटते, दुसऱ्याला ती उधार आणावी लागते. शिवाय आतल्या शाळांत शिकलेल्या मुलांसाठी अनेक अभ्यासक्रमांत निम्म्या जागा. बाहेरून येणाऱ्या मुलाने उरलेल्या निम्म्यांत साऱ्या देशाशी झुंजायचे. हे आमच्या किती पालकांना माहीत आहे? महाराष्ट्रात केंद्र होणार म्हणून आपण किती वर्षे ऐकत होतो. मलप्पुरम, मुर्शिदाबाद, किशनगंजला केंद्रे सुरू झाली. आपल्याकडे चर्चा झाली.

आणि मुलींचे गेट. जवळजवळ प्रत्येक मुलीने गेटचा विषय काढला. बाहेर जाण्याचा दिवस ठरलेला, परतण्याची वेळ ठरलेली, सही, कारण, पालकांची परवानगी. एक म्हणाली, "अम्मी म्हणते, बरं आहे, आम्ही निर्धास्त आहोत. अम्मी निर्धास्त राहावी म्हणूनच तर मला इथे पाठवलं ना? मी शिकावी म्हणून पाठवलं असतं तर कुणी एकदा तरी लायब्ररीबद्दल विचारलं असतं." यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. मात्र तीच मुलगी पुढे हेही म्हणाली की आयुष्यात पहिल्यांदा ती तिथल्या वादविवाद स्पर्धेत माईकसमोर उभी राहिली आणि नावावरून कुणी आपल्याकडे वळून पाहत नाही ही मोकळीकही तिला तिथेच पहिल्यांदा मिळाली. पुण्या-मुंबईत भाड्याची खोली शोधताना नाव सांगितल्यावर दारे कशी बंद होतात हे ज्याला माहीत आहे, त्याला या वाक्याची किंमत समजेल.

आता आमच्यावर आक्षेप येणार तो आम्हाला पाठ आहे. म्हणतील, काळ कोणता आहे? २०१८ साली एका जुन्या तसबिरीवरून विद्यापीठाला देशद्रोही ठरवायला निघाले. १५ डिसेंबर २०१९ च्या रात्री पोलीस आवारात शिरले, अश्रुधुराची नळकांडी फुटली, मुले जखमी झाली. अल्पसंख्याक दर्जाचे प्रकरण दशकानुदशके कोर्टात. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १९६७ चा अझीझ बाशा निकाल चार विरुद्ध तीन अशा मतांनी बाजूला सारला, तरी दर्जाचा अखेरचा फैसला पुढच्या पीठावर सोपवला. अशा वेळी आपणच आपल्या घरावर दगड मारायचे?

या म्हणण्यातली भीती खरी आहे, ती आम्हालाही वाटते. पण टपून बसलेल्यांना आमच्या मुलीच्या दोन वाक्यांची वाट पाहावी लागत नाही, ती माणसे तसबिरीवरूनही दंगा करतात. आमच्या मुलांचे तोंड बंद करून त्यांचे काहीच अडत नाही. अडते ते पुढच्या वर्षी फॉर्म भरणाऱ्या मुलाचे.

आणखी एक आठवण द्यावीशी वाटते. काही वाचकांना ती रुचणार नाही. डॉ. रामचंद्र सिरस हे अलीगढमध्ये मराठीचे प्राध्यापक होते, मराठीतले कवी होते. २०१० साली त्यांच्या घरात कॅमेरा घेऊन माणसे शिरली आणि त्यांच्या खाजगी आयुष्यावरून विद्यापीठाने त्यांनाच निलंबित केले. १ एप्रिलला उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली आणि आठवडाभरात ते घरात मृतावस्थेत सापडले. त्यांच्या जगण्याविषयी ज्याचे त्याचे मत असो. दुसऱ्याच्या दारावर पाळत ठेवणे तहजीबमध्ये कधीपासून बसू लागले, एवढेच आम्हाला विचारायचे आहे. गेटवरची सही आणि दारावरची पाळत यांत फार अंतर आहे असे म्हणणाऱ्यांनी ते आम्हाला मोजून दाखवावे.

आणि अलीगढची थोरवी सांगणारे हे विसरतात की अलीगढचे नाव ज्यांनी मोठे केले ते गप्प बसणारे नव्हते. खुद्द सर सय्यदांनी १८७० मध्ये 'तहजीब-उल-अखलाक' काढून आपल्याच लोकांना आरसा दाखवला आणि कुफ्रचे फतवे झेलले. (मुलींच्या शाळेबाबत त्यांचेही चुकलेच. १८८२ च्या शिक्षण आयोगापुढे त्यांनी आधी मुलगे शिकू देत असेच सांगितले.) ती चूक १९०६ मध्ये शेख अब्दुल्ला आणि त्यांच्या पत्नी वहीद जहाँ बेगम यांनी मुलींची शाळा काढून दुरुस्त केली. त्यांचीच मुलगी रशीद जहाँ, १९३२ च्या 'अंगारे'तली. इस्मत चुगताई तिथलीच. यांतल्या कुणाला आमच्या सभागृहात बोलावले असते तर सूत्रसंचालकाच्या हातात किती चिठ्ठ्या गेल्या असत्या? एप्रिल २०२४ मध्ये त्याच विमेन्स कॉलेजच्या प्राचार्य नईमा खातून विद्यापीठाच्या पहिल्या महिला कुलगुरू झाल्या तेव्हा आमच्या याच संस्थेने मिठाई वाटली. २०१५ च्या समारंभाची आठवण कुणी काढली नाही.

यंदा आमच्या दहावीच्या दोन मुली पुढे अलीगढला जायचे म्हणतात. एकीचे वडील विचारायला आले, "सर, माहोल कसा आहे?" आम्ही सांगितले, आम्हाला विचारू नका. त्या २०१५ च्या मुलीचे आता लग्न झाले आहे, ती मुंबईत एका कॉलेजात शिकवते. आम्ही शाळेच्या ऑफिसातून तिला फोन लावला, स्पीकर सुरू केला, दोन्ही मुलींना खुर्च्या दिल्या आणि वडिलांना म्हटले, चला भाईसाहेब, आपण बाहेर चहा घेऊ. फोन पाऊण तास चालला. आतून दोनदा मोठ्याने हसण्याचा आवाज आला. वडील अस्वस्थ होऊन दाराकडे बघत होते. आम्ही आणखी एक चहा मागवला.