अंतर कोठून मोजावे?

नागपूर-मुंबई रेल्वेने ८३७ किलोमीटर. विमानाने जेमतेम दीड तास. शहरे जवळ आली, असे आपण अभिमानाने म्हणतो. पण कोणाला? भद्रावतीकराला आधी सुमारे सव्वाशे किलोमीटरवरचे नागपूर गाठावे लागते, एस. टी.चा तो वेळ विमानप्रवासाहून अधिक! भामरागडच्या आदिवासी बांधवाची वाट तर कित्येक पावसाळ्यांत पर्लकोटेच्या पुराने घराजवळच अडवली. १९४९ साली सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपालात दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रासची विमाने मध्यरात्री नागपुरात भेटत; पत्र दारी पोहोचवी तो मात्र गावचा पोस्टमनच. विमाने जरूर वाढावीत. पण प्रगतीचे अंतर विमानतळापासून नव्हे, रानातल्या शेवटच्या घरापासून मोजले पाहिजे. तेथवर बारमाही रस्ता नेणे, हेच आपल्या पिढीचे खरे उड्डाण होय.